जुनं आधी, नवं मागून

नवं सॉफ्टवेअर बसवायला कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता, पण खैरनार सरांनी त्याला येऊ दिलं नाही. "अहो, उभी हयात मी पोरांना हेच शिकवण्यात घालवली," ते फोनवर म्हणाले, "आणि माझ्या घरी तुमचा माणूस येऊन बटणं दाबणार? तुम्ही फक्त लिंक पाठवा." पलीकडच्या मुलीने दोनदा समजावून पाहिलं आणि मग लिंक पाठवली. ज्याला येतं त्याला थांबवणं कठीण, आणि मिलिंद खैरनारांना येत होतंच. नाशिकच्या एका तंत्रनिकेतनातून कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले होते.

सॉफ्टवेअर त्यांच्या बायकोच्या आवाजाचं होतं.

वृंदाबाईंना झटका आला तो मेंदूच्या देठाशी. वरचा मेंदू शाबूत राहिला, पण त्याचे हुकूम खाली शरीराला पोचवणारा भाग गेला. हात हलेना, मान वळेना, जीभ उचलेना. अशा रोग्यांशी डॉक्टर पापण्यांच्या खुणांनी बोलतात, एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. वृंदाबाईंच्या नशिबात तेही नव्हतं. त्यांच्या पापण्या आपल्या मर्जीने उघडत, मिटत, फडफडत, आणि डोळ्यांना कारणावाचून पाणी येई. बालवाडीच्या पोरांना गोष्टी सांगण्यात जिचा जन्म गेला, भाजीवाल्याशीही जिचं बोलणं कधी दोन वाक्यांत संपलं नाही, ती बाई कॉटवर पडून छताकडे बघत राहिली.

मेंदूवर नखाएवढी चकती बसवणं आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनइतकं सरावाचं झालं होतं, म्हणून घरात पुन्हा आवाज आला. माणूस बोलू बघतो तेव्हा ओठांना, जिभेला, गळ्याला हुकूम देणारा मेंदूचा एक पट्टा जागा होतो. जीभ हलो न हलो, हुकूम सुटतोच. चकती ते हुकूम टिपते, डोक्यावरची कापडी टोपी ते उचलून खोलीतल्या कॉम्प्युटरला देते, आणि तिथला प्रोग्रॅम त्यांचे शब्द करून त्या माणसाच्याच आवाजात बोलून दाखवतो.

अडचण एकच होती. चकतीकडून येणारे संदेश गढूळ असतात. कंपनीच्या पहिल्या प्रोग्रॅमने त्यावर सोपी युक्ती काढली होती, ती म्हणजे अंदाज. रोग्याचे जुने व्हॉइस मेसेज प्रोग्रॅमला ऐकवायचे. हा माणूस एरवी काय बोलतो हे एकदा कळलं की समोरच्याचं बोलणं माइकवर ऐकून अर्धवट संदेशावरूनही तो बाकीचं भरून काढतो. नव्या प्रोग्रॅमने अंदाज सोडून दिला होता. संदेश जेवढं सांगेल तेवढंच तो बोलणार, आणि खात्री नसेल तर गप्प बसणार.

"नव्यावर बोलणं तुटक येईल," लिंक पाठवणारी मुलगी म्हणाली होती. "पण जे येईल ते मॅडमचंच असेल. आणि सर, आधी जुना प्रोग्रॅम पूर्ण काढून टाका हं."

सरांनी तो काढला नाही. नवा प्रोग्रॅम प्रोग्रॅमिंगच्या नव्या भाषेत लिहिलेला होता, त्यासाठी ती भाषाही कॉम्प्युटरवर बसवावी लागणार होती, आणि इतक्या उलाढालीत काही बिनसलं तर वृंदा पुन्हा मुकी होईल, एक दिवस का होईना, ही धास्ती त्यांच्या मनात होती. असू दे, लागेल, असं म्हणून त्यांनी जुनं राहू दिलं. या 'असू दे, लागेल'वर आपल्याकडचे माळे भरलेले असतात. मग त्यांनी नवं बसवलं, त्याच्या फोल्डरमध्ये जाऊन तू कितवी आवृत्ती म्हणून विचारलं, प्रोग्रॅमने सांगितलं नवी, आणि सर समाधानाने चहा प्यायले.

ही सगळी घाई होती ती एका नव्या ऑपरेशनसाठी. ते शोधून काढलं होतं त्यांच्या मुलीने. ऋतुजा ओस्लोला असे, आणि आई पडल्यापासून तिने झोप अशी घेतली नव्हती. रोग्याच्याच कातडीच्या पेशी घेऊन त्यांच्या मज्जापेशी करायच्या आणि त्या मेंदूच्या देठात रोवायच्या. जगात थोड्याच ठिकाणी हे होत होतं, त्यातलं एक मुंबईत होतं. ऋतुजा रजा काढून आली, डॉ. सबनीसांना भेटली आणि त्यांना घरी घेऊन आली.

डॉ. सबनीस कॉटशेजारी खुर्ची ओढून बसल्या. "वृंदाताई, मी तुम्हाला काही लपवून सांगणार नाही. पेशी रुजल्या तर तुम्हाला गिळता येईल, मान वळवता येईल, कदाचित हातही हलेल. नाही रुजल्या तर काहीच नाही. पण रुजोत न रुजोत, आतल्या सुजेचा थर तुमच्या चकतीवर चढणार. महिन्या-दोन महिन्यांत हा आवाज जाईल, आणि तिथे दुसरी चकती बसवता येत नाही. म्हणजे हातात आहे ते द्यायचं आणि मिळेल की नाही ते माहीत नाही. तुम्ही हो म्हणालात तरच मी करेन."

मग त्या सरांकडे वळल्या. "नवाच प्रोग्रॅम आहे ना? जुन्यावरची संमती मी धरत नाही. तो पदरचं घालतो."

"नवाच आहे, मी स्वतः बसवलाय," सर म्हणाले.

ऋतुजाने आईचा हात हातात घेतला. "आई, कर ना गं. माझ्यासाठी कर. तुला नुसती मान जरी वळवता आली ना..."

कॉम्प्युटर जरासा थांबला आणि वृंदाबाईंच्या ओळखीच्या मऊ आवाजात म्हणाला, "चालेल गं. तुम्ही सगळे म्हणताय तर करून टाकू."

ऋतुजा आईच्या छातीवर डोकं ठेवून रडली. वृंदाबाईंच्याही डोळ्यांतून धार लागली होती, पण ती तर रोजचीच होती. डॉक्टरांनी पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. सरांना एकदा वाटलं, बोलण्यावाचून जिला करमत नाही ती इतक्या सहज हो म्हणाली? मग त्यांनीच मनाची समजूत घातली की आईचं काळीज आहे, मुलीसाठी म्हणाली असेल.

ऑपरेशन ठीक झालं. ऋतुजा ओस्लोला परत गेली. आता वाट बघायची होती आणि आवाज विझताना ऐकायचा होता. आधी शब्द तुटतील, मग गळतील, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सरांनी मनाची तयारी केली होती.

पण शब्द तुटेनात. उलट महिन्याभरात वृंदाबाई जास्तच सफाईने बोलू लागल्या. पूर्वी अधूनमधून अडखळणारं वाक्य आता सुळकन यायचं. "आज बरं वाटतंय." "तुम्ही जेवून घ्या, माझी काळजी करू नका." "हो हो, चालेल." सर पहिले काही दिवस खूश होते. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण बायकोने एवढं ऐकलेलं त्यांना आठवत नव्हतं. नंतर मात्र त्यांच्यातला मास्तर अस्वस्थ होऊ लागला. स्क्रीनवर चकतीच्या संदेशाची रेघ रोज बारीक होत चालली होती, आणि बोलणं सुधारत होतं. अभ्यास कमी आणि मार्क जास्त असा पोरगा वर्गात दिसला की सर त्याचा पेपर पुन्हा तपासत, कारण तो पोरगा बहुधा कॉपी करत असे.

एका सकाळी पुष्पाताई वृंदाबाईंचे केस विंचरत होत्या. दिवसभर वृंदाबाईंचं सगळं त्याच बघत. खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येत होतं.

"वृंदा, खिडकी लावू का गं?" सरांनी विचारलं.

"लावा की. तुम्ही म्हणाल तसं."

सर उठून खिडकीशी गेले आणि तिथेच थबकले. केस विंचरायला काढलेली टोपी खिडकीच्या कट्ट्यावर पडली होती.

"पुष्पाताई, ही टोपी केव्हा काढली तुम्ही?"

"आत्ता नाय का, मगाशीच. तेल लावायचं होतं ना वहिनींना. का हो दादा?"

सर टोपीकडे बघत राहिले. मग पुन्हा म्हणाले, "वृंदा, चहा घेतेस?"

"घेते की. तुमच्यासोबतच घेते." कट्ट्यावरची टोपी हवेतली खरखर पकडत होती आणि कॉम्प्युटर त्या खरखरीतून त्यांच्या बायकोच्या आवाजात बोलत होता. चहा गिळायची ताकद वृंदाबाईंच्या गळ्यात झटक्यापासून नव्हती.

सर कॉम्प्युटरपाशी बसले. नव्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये जाऊन त्यांनी पुन्हा विचारलं, कितवी आवृत्ती? नवी. मग त्या फोल्डरबाहेर येऊन, टोपी प्रोग्रॅमला हाक मारते तशी, नुसत्या नावाने हाक मारली. कितवी आवृत्ती? जुनी.

आपण काय केलंय हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. दुसऱ्या कुणाला कळायला वेळ लागला असता, पण ते तर हाच धडा दरवर्षी पहिल्या महिन्यात शिकवत. कॉम्प्युटरला नुसतं प्रोग्रॅमचं नाव सांगितलं तर तो सगळीकडे शोधत बसत नाही. कुठल्या फोल्डरात आधी बघायचं आणि कुठल्यात मागून, याचा एक क्रम त्याला लावून दिलेला असतो, त्याला पाथ म्हणतात. "गेटवर येऊन शिपायाला म्हटलं, शिंदे सरांना बोलवा," सर वर्गात सांगत, "तर तो पहिल्या खोलीत जे शिंदे सर दिसतील त्यांना घेऊन येतो. तुम्हाला मेकॅनिकलचे शिंदे हवे होते की सिव्हिलचे, त्याला काय माहीत? पुढच्या खोल्या तो बघतच नाही. चूक शिपायाची नाही, तुमच्या क्रमाची." पोरं हसत, आणि परीक्षेत हमखास तीच चूक करत.

सरांच्या हातांना मात्र क्रम पक्का माहीत होता. बोर्डाचा अभ्यासक्रम कायम दहा वर्षं मागे असायचा, बाहेरून येणारे परीक्षक प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्याच आवृत्तीवर प्रॅक्टिकल घ्यायचे, आणि नोकरीसाठी पोरांना नवीही लागायची. म्हणून त्यांच्या लॅबमध्ये दोन्ही आवृत्त्या असत, आणि पाथमध्ये जुनं आधी, नवं मागून. प्रत्येक मशीनवर, प्रत्येक वर्षी त्यांनी स्वतः तसं बसवलं होतं. घरी बसवताना कुठला परीक्षक येणार नव्हता. तरी बोटांनी सवयीने तेच केलं. दोन्ही प्रोग्रॅमचं नाव एकच होतं, जुना आधी सापडत होता, आणि नवा एकदाही चालला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो त्यांच्या घरात इतके दिवस वृंदाच्या आवाजात बोलत होता.

आणि तो बोलत तरी काय होता? त्याला ऐकवलेले सगळे मेसेज फोनवरचे होते. फोनवर वृंदा जावांना, नणंदांना, मुलीला म्हणायची, हो हो चालेल, मी मजेत, तुम्ही म्हणाल तसं. स्वयंपाकघरात सरांना जे ऐकवायची, ते कुणी टेप केलं नव्हतं.

"पुष्पाताई, जरा बाहेर बसता का?" सर म्हणाले.

काम एका ओळीचं होतं. पाथमधली नव्या प्रोग्रॅमची खालची ओळ त्यांनी वर नेली. टोपी वृंदाबाईंच्या डोक्यावर नीट बसवली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि कॉटशेजारी उभे राहिले. काहीच आलं नाही. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"वृंदा?"

"ऐकू..." आवाज आला. तोच आवाज, पण खरबरीत, मध्येच तुटणारा. "ऐकू येतंय?"

"येतंय. येतंय गं. बोल."

"मी... बोलतेय. केव्हाची."

"मला माहीत नव्हतं. माझी चूक झाली, वृंदा. नवं मागे राहिलं, जुनंच..." हे तिला कसं समजवायचं ते त्यांना कळेना. वर्गात इतकं सोपं करून सांगता यायचं. शेवटी त्यांनी विचारलं, विचारायचं धैर्य नसताना विचारलं, "डॉक्टर आल्या होत्या. ऑपरेशनचं तू काय म्हणाली होतीस?"

बारीक रेघ स्क्रीनवर थरथरली.

"नको. नको म्हटलं. ओरडले. मशीन... चालेल म्हणालं. माझ्या आवाजात."

सर कॉटच्या कडेवर बसले. ही बाई इतके दिवस पडल्या पडल्या आपल्याच आवाजात आपल्या मनाविरुद्धचं ऐकत होती, आणि आपण तिच्या उशाशी बसून खूश होत होतो. त्यांना स्वतःची किळस आली.

"मी तुला विचारलं होतं गं," ते पुटपुटले.

"मशीनला... विचारलंत."

त्यांनी बाहेर जाऊन डॉ. सबनीसांना फोन लावला. सगळं ऐकून डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "खैरनार सर, पेशी आता वेगळ्या काढता येत नाहीत. त्या वृंदाताईंच्या पेशींत मिसळल्यात. ओढायला गेलं तर श्वासाचं केंद्र जाईल."

"आणि चकतीवरचा थर? तो खरवडता येत नाही का? औषध, काही तरी..."

"नाही हो. मी खोटी आशा दाखवणार नाही. चूक तुमची एकट्याची नाही, मीसुद्धा तुमच्या शब्दावर विसंबले. मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा, जरूर कळवा. पण तिचं काय करू ते सांगा."

"बोलता येतंय तोवर बोलू द्या," डॉक्टर म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस सर तिच्याजवळून हलले नाहीत. वृंदाबाई रोज थोडंसंच बोलत आणि बोलून दमत. पहिल्या दिवशी त्या रागावल्या. त्यांच्या तोंडून शिव्या सरांनी कधी ऐकल्या नव्हत्या, त्या ऐकल्या, आणि प्रत्येक शब्द खरा आहे म्हणून मान खाली घालून ऐकल्या. मग एकदा म्हणाल्या, पाठीला खाज येते, डावीकडे, किती दिवस सांगतेय. सर खाजवत बसले आणि रडत बसले. मग एकदा बालवाडीतल्या कुठल्या तरी मुलाचं नाव घेतलं, गोष्ट सुरू केली, आणि चार शब्दांनंतर रेघ सपाट झाली. गोष्ट कोणती ते सरांना ओळखता आलं नाही. पेशी रुजल्याची काही खूण दिसत नव्हती.

सरांनी सगळे उपाय करून पाहिले. संदेश मोठा करून पाहिला, खरखर गाळून पाहिली, कंपनीला फोन केले. फोनवर तीच मुलगी होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, जुना काढून टाका म्हटलं होतं मी." सरांनी फोन ठेवला. येत असूनही काही करता येत नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

रविवार आला. रविवारी दुपारी ऋतुजाचा व्हिडिओ कॉल असे. मधल्या दोन कॉलना सरांनी 'आई झोपली आहे' म्हणून वेळ मारून नेली होती. ऋतुजाने जोर लावून आईला ऑपरेशनला राजी केलं होतं, निदान ती तसं समजत होती, आणि त्याच समाधानावर ती परदेशात दिवस काढत होती. तिला हे कळलं तर ती जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. पण न सांगणं म्हणजे वृंदाचा 'नको' दुसऱ्यांदा दाबणं.

"वृंदा," ते म्हणाले, "ऋतूचा फोन येईल आता. या वेळी मी माझ्या मनाने काही करणार नाही. तिला खरं सांगू?"

उत्तर यायला फार वेळ लागला. प्रत्येक शब्द जड दगडासारखा उचलून ठेवावा तसा आला.

"तिला... नका सांगू."

"मग काय करू? तिला तुझ्याशी बोलायचंय. तुझा आवाज असा ऐकला तर..."

"जुनं लावा."

सरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "जुनं? वृंदा, अगं, तू ओरडत होतीस त्याच्या आत. पुन्हा तेच?"

"तिच्यासाठी," वृंदाबाई म्हणाल्या. आणि मग, बऱ्याच वेळाने, "लावा ना."

फोन वाजू लागला. सरांनी वरची ओळ खाली नेली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. स्क्रीनवर ऋतुजाचा चेहरा आला, मागे ओस्लोचं करडं आभाळ होतं.

"आई! अगं किती दिवसांनी जागी सापडलीस! कशी आहेस?"

"मी मजेत आहे गं," आवाज आला, मऊ आणि सफाईदार. "तू जेवलीस का? थंडी फार आहे ना तिकडे?"

ऋतुजा हसली, डोळे पुसले, ऑफिसचं सांगू लागली, शेजारणीचं सांगू लागली. आवाज योग्य ठिकाणी हो म्हणत होता, अगंबाई म्हणत होता. शेवटी ती जरा गंभीर झाली. "आई, खरं सांग हं. ऑपरेशन केलं ते बरं झालं ना?"

सर वृंदाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. पापण्या फडफडत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं काही त्यांना वाचता येत नव्हतं.

"बरंच झालं गं," आवाज म्हणाला. "तू म्हणालीस ते बरोबरच होतं."

कॉल संपल्याबरोबर सरांनी ओळ पुन्हा वर नेली. "वृंदा, नवं लावलं. बोल आता. काहीही बोल." रेघ हलली नाही. ते थांबले. पुष्पाताई नळीतून जेवण देऊन गेल्या. सर बसूनच होते. ती दमली असेल, रागावली असेल, की थर पुरता चढला असेल? प्रोग्रॅम प्रामाणिक होता. त्याला खात्री नव्हती, म्हणून तो गप्प होता. दुसऱ्या दिवशीही तो गप्प होता, आणि तिसऱ्याही.

आठवडाभर सर सकाळ-संध्याकाळ विचारत राहिले. पाठ खाजवू का? ती गोष्ट कोणती होती गं? पुढच्या वेळी ऋतूला काय सांगू? घरात पंख्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

मग पुन्हा रविवार आला आणि ऋतुजाचा फोन आला.

"बाबा, आईला दे ना," ती म्हणाली. "आज तिचा आवाज ऐकल्याशिवाय मी ठेवणारच नाही."

सरांनी कॉटकडे पाहिलं. विचारून झालं होतं, उत्तर आलं नव्हतं. "थांब हं, देतो," ते म्हणाले, आणि त्यांनी जुन्या प्रोग्रॅमची खालची ओळ उचलून वर ठेवली.